मागची डावी बाजू

१

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने बिनलिफ्टच्या इमारतीत राहावं, ही थट्टा त्याच्याबाबतीत कुणी केली होती देव जाणे. दिवसभर लोकांच्या लिफ्टा वरखाली करायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत तीन मजले चढायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. वर आलं की हात धुवायचे, चहा प्यायचा आणि लेकीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचं. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आता बापाचा पसारा होता.

पसाऱ्याच्या मधोमध ते मॉडेल. जेवणाच्या ताटाएवढी प्लायवुडची गोल तबकडी, तिच्याखाली बोटभर उंचीच्या तीन मोटरी, आणि मोटरींपासून तबकडीपर्यंत पोचणारे सायकलच्या चाकाचे तीन आरे. तबकडीवर लेकीच्या बाहुलीची खुर्ची स्क्रूने पक्की केलेली. गाडीत मोबाईल चिकटवून फेरी मारायची. गाडी जशी डुलेल, कलेल, दचकेल, तसं मोबाईल टिपून ठेवणार. घरी आल्यावर ते मोटरींना दिलं की तबकडी तशीच डुलणार आणि दचकणार. हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून त्याने ती दहापट मोठी करून ठेवली होती. हे छोटं नीट चाललं की त्याबरहुकूम माणूस बसेल अशी मोठी खुर्ची करायची, असा बेत होता. ती खुर्ची बायकोसाठी.

बायकोने उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवलं. अर्धी वस्ती तिला 'बाई' म्हणायची. एका दुपारी चौकात एक टेम्पो तिच्या गाडीला मागून चाटून गेला, गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली आणि जिथून आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शिकाऊ मुलगी तर घाबरून हसत सुटली. बाई खाली उतरली, किल्ली खिशात टाकली, चालत घरी आली आणि त्यानंतर कुठल्याही वाहनात बसली नाही. बस नाही, रिक्षा नाही, काही नाही. उभ्या गाडीत बसवलं तरी तिला दरदरून घाम फुटायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हळूहळू शरीराला हलण्याची सवय लावा. सांगायला काय जातं!

आणि इकडे लेकीचे दिवस भरत आले होते. रोज फोनवर ती विचारायची, "आई, येशील ना गं?" आणि बायको म्हणायची, "बघू." म्हणून दमूनभागून आला तरी तो टेबलाशी बसायचा.

२

सुटीच्या सकाळी त्याने दोन सीटांच्या मधे, गाडीच्या जमिनीवर मोबाईल दुहेरी टेपने घट्ट चिकटवला आणि एकट्याने फेरी मारून आला. बाजाराचा रस्ता, पूल, चौकातला सिग्नल, परत. वर येऊन मोटरी सुरू केल्या. आरे किरकिरले, बाहुलीची खुर्ची थरथरली, आणि तबकडी चक्क गाडीसारखी चालायला लागली. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

बायको दारात उभी होती. तिच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. थोडा वेळ ती लांबूनच बघत राहिली. मग आत आली, फडकं खांद्यावर टाकलं, बाहुलीच्या खुर्चीशेजारी तबकडीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

"हा पुलाचा सांधा," ती म्हणाली.

"बरोबर."

"इथे क्लच लवकर सोडलात. किती वर्षं सांगतेय."

"सांगा बाई, सांगा."

चेहऱ्यावर घाम नव्हता. कितीतरी महिन्यांनी ती कुणाला तरी शिकवत असल्यासारखी मान हलवत होती. मोठ्या खुर्चीचं काय कामच नाही, त्याच्या मनात आलं, हिच्या तळहातालाच प्रवास घडवावा. तेवढ्यात तबकडी थांबली. सिग्नल लागला होता. उभ्या गाडीचा बारीक थरकाप तेवढा आऱ्यांमधून येत होता. आणि मग तबकडी मागच्या डाव्या बाजूला हलकेच दबली.

"हे कोण बसलं?" बायकोने विचारलं.

"कोण कुठे?"

"मागे. डावीकडे. सिग्नलला कुणाला घेतलंत?"

गाडीत तो एकटा होता. काचा वर होत्या. दारं आतून बंद होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती डोळे मिटून हसत होती. आता मोटर अडकते, स्क्रू ढिला आहे, मलाच कळत नाही, असं काही बोललं की तो हात उचलला जाणार आणि पुन्हा तबकडीवर यायचा नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. शिवाय तो दमला होता. दमलेल्या माणसाला खरं बोलण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं पडतं.

"कामावरचा वॉचमन भेटला," तो म्हणाला. "पुढे सोडलं त्याला."

बायको हात ठेवून राहिली. पुलावरून परत, बाजारातून परत, इमारतीच्या फाटकातून आत. तबकडी थांबली.

"सोडलंत कुठे?" ती म्हणाली. "उतरला कुठे तो?"

"उतरेल," तो म्हणाला, आणि प्लग काढला.

३

ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने तीच फेरी पुन्हा चालवली. त्याच सिग्नलला तबकडी तशीच दबली. त्याने मोटर बदलली. आऱ्याची पकड आवळली. मॉडेल टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवलं, कारण टेबलाचा एक पाय पहिल्यापासून लंगडा होता. तबकडी दबली ती दबलीच.

आता हे दबणं त्याला ओळखीचं नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण लिफ्टच्या केबिनमध्ये माणसाने पाऊल टाकलं की केबिन किंचित खाली बसते, आणि ते बसणं त्याने आयुष्यभर तळपायांनी मोजलेलं. आधी एक पाय. मग सगळा भार. मग माणूस जागा धरतो तसं जरासं इकडेतिकडे, आणि मग शांत. तबकडीवर नेमकं हेच होत होतं. पोराचा भार नव्हता, आडदांड माणसाचाही नव्हता. सावकाश, घाई नसलेल्या कुणाचा तरी होता.

तो खाली जाऊन गाडी बघून आला. टेप घट्ट होती. टायरांत हवा होती. मागच्या सीटवर काहीही नव्हतं. डिकीत एक छत्री आणि जुनी पुसायची कापडं. भर दुपारचं ऊन काचांतून आत पडलेलं, शेजारच्या जिन्यात कुणाचा तरी रेडिओ लागलेला. अशा ठिकाणी माणसाला भीती वाटण्याचं कारण नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. पेट्रोल टाकीत हिंदकळलं असेल. सिग्नलला गाडी रस्त्याच्या उतारावर उभी असेल. मोबाईल तरी काय, बोलायचं यंत्र, त्याच्याकडून मोजमापाची अपेक्षा किती करायची?

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला. सिग्नलजवळचा रस्ता सपाट होता. ते त्याला माहीत होतं.

४

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा मोबाईल परत चिकटवून गेला. वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल. संध्याकाळी वर येऊन मोटरी लावल्या आणि सिग्नलची वाट बघत बसला. सिग्नल आला. तबकडी ढिम्म हलली नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तबकडी पहिल्यापासूनच कललेली आहे. गाडी इमारतीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हाच मागची डावी बाजू दबलेली होती.

इथे त्याने ती चूक केली. लिफ्टवालाच करू जाणे अशी चूक. लिफ्टची केबिन भारामुळे मजल्याच्या खाली राहायला लागली, की हे लोक भार उतरवत बसत नाहीत. भार आहे तसा धरतात आणि मजल्याशी नव्याने बरोबरी करून देतात. ते त्याच्या हातातच होतं. त्याने कललेली तबकडी डोळ्यांसमोर धरली आणि हेच शून्य, असं मोटरी चालवणाऱ्या प्रोग्रामला सांगून टाकलं. तबकडी उठली, सरळ झाली, पाण्याचा पेला ठेवावा इतकी सपाट. काम झालं. त्याने पाठ टेकली. खोलीत काही वावगं उरलं नव्हतं, निदान दिसायला.

बायको मात्र रोज येऊन बसायला लागली. तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, त्याच्या चुका काढायच्या. एक दिवस त्याने गॅलरीतून खाली पाहिलं तर ती एकटीच उभ्या गाडीत, पुढच्या सीटवर जाऊन बसलेली! त्याला ओरडावंसं वाटलं आनंदाने. तो कठड्याला धरून तसाच बघत राहिला. ती शांत बसली होती, मांडीवर हात ठेवून. मग तिने मान वळवून मागे पाहिलं आणि काहीतरी बोलली. थोडं थांबली. पुन्हा बोलली.

वर आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"मी? कुणाशी नाही." ती विचारात पडली. "मागे बघायची सवय हो. रिव्हर्स घेताना बघायची ना, ती." आणि मग ती खळखळून हसली. "अहो, मी बसले! तुम्ही बघितलंत ना? मी बसले!"

त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हसला. त्याला आत कुठेतरी फार थकल्यासारखं झालं.

५

खात्री करून घ्यायचा एक साधा उपाय होता. गाडी बंद, उभी, कुलूपबंद. मोबाईल आत. उभी गाडी हलत नाही, तेव्हा तबकडीही हलता कामा नये. हलली तर मोबाईल बिघडलाय, विषय संपला. आठवड्याच्या सुटीला त्याने दुपारभर मोबाईल गाडीत ठेवला आणि उन्हं कलता कलता काढून आणला.

तबकडी हलली नाही. तो खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिला. बाहुलीची खुर्ची, तीन आरे, टेबलावरची धूळ. खालून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. त्याचा डोळा लागला.

आरा किरकिरल्याने तो जागा झाला. तबकडी एका बाजूला जराशी कलली आणि परत आली. पुष्कळ वेळ काही नाही. मग दुसऱ्या बाजूला जराशी. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारी माणसं बाकावर बसतात आणि एका कुल्ल्यावरून दुसऱ्या कुल्ल्यावर भार टाकतात, तसं. त्यात काही घातक नव्हतं. कंटाळा होता. एका जागी बसून बसून अंग अवघडल्याचा कंटाळा, आणि तो त्याला इतका नीट कळला की अंगावर काटा आला.

मग भार मधोमध सरकल्यासारखा झाला आणि तबकडी पुढे झुकली. पुढे, आणखी पुढे. तिथे दोन सीटांच्या मधे जमिनीवर मोबाईल चिकटवलेला होता. तबकडी तशीच झुकलेली राहिली. कुणीतरी वाकून, अगदी जवळ तोंड आणून, मोबाईलकडे बघत असावं तितकी, आणि तितका वेळ. मोबाईल फक्त हालचाल टिपत होता, आवाज नाही, याबद्दल त्याने मनोमन देवाचे आभार मानले.

"हे कुठलं?"

बायको कधी आली त्याला कळलं नव्हतं. तिचा तळहात तबकडीवर होता.

"काही नाही. तपासतोय."

"गाडी उभी आहे ना ही?" तिने डोळे मिटले. "कुणीतरी वाट बघतंय." आणि मग चेष्टेने, "वॉचमन का?"

त्याने वायर ओढली. इतक्या जोरात की आरा तबकडीतून निसटला. बायकोने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं आणि फडकं घेऊन निघून गेली.

६

फोन आला तो भल्या सकाळी. जावई बोलत होता. लेक आदल्या दिवशीच बाळंत झाली होती, तारखेच्या जरा आधी. मुलगी. दोघी ठीक, आज घरी सोडणार. "पण सारखी आई आई करतेय," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवून मागे पाहिलं तर बायकोने बॅग भरायला घेतली होती.

"आपण ट्रेनने जाऊ," तो म्हणाला.

"ट्रेन?" तिचा चेहरा उतरला. "नाही हो. माझ्या हाताला आपल्या गाडीची सवय झालीय. तिच्यात मला भीती वाटत नाही. दुसऱ्या कशात बसायला सांगू नका."

"अगं, पण गाडी जरा... तपासून घ्यायला हवी."

"काय झालंय तिला?"

काय सांगणार? वॉचमन नव्हता, असं? त्या सिग्नलला कुणीच नव्हतं, आणि जे होतं ते अजून आत आहे, असं? इतकं सांगितलं की ती जन्मात घराबाहेर पडणार नव्हती. लेक तिकडे वाट बघत राहणार, आणि इकडे ही 'बघू' म्हणत राहणार. बायको पायात बूट घालून, बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर उभं राहतं तशी.

"काही नाही," तो म्हणाला. "चल."

वाटेत ती एक हात डॅशबोर्डवर पसरून बसली. आधी डोळे मिटून, मग उघडून. शहर मागे पडल्यावर ती चक्क गप्पा मारायला लागली. त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक वळणावर गाडी मागून जराशी उशिराने कलत होती. लिफ्टवाल्याला ते कळू नये कसं? आरशात मागची सीट दिसत होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं. तो आरशात बघेनासा झाला. दुपारच्या लख्ख उन्हात, भरल्या रस्त्यावर, शेजारी बडबडणारी बायको असताना तो आपल्या मानेवर कुणाचा तरी श्वास येईल म्हणून खांदे आवळून गाडी चालवत राहिला.

७

लेकीच्या इमारतीपाशी गाडी थांबल्याबरोबर बायको उतरली, आणि गाडी पुढून डावीकडे वर आली. ते होणारच. ती बॅग घेऊन जवळजवळ धावतच लिफ्टकडे गेली. तो किल्ली काढत होता. आणि मग गाडी मागून वर आली. सावकाश. आधी एक पाय, मग सगळा भार. दारं सगळी बंद होती.

समोर बायकोने लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं होतं. ती त्याच्यासाठी थांबलीय असं वाटून त्याने हात वर केला. पण तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने पायाने बॅग आत ओढली, स्वतः एका अंगाला सरकली, दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी, आणि मग दार सोडलं. लिफ्ट वर गेली.

तो जिन्याने धावला. किती वर्षांनी धावला असेल. वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि आत सगळं छान होतं. लेक पलंगावर, आईच्या गळ्यात पडून रडत होती. जावई चहा करत होता. दुपट्यात गुंडाळलेलं मुठीएवढं तोंड झोपलं होतं. "बाबा, लिफ्ट होती की हो!" लेक म्हणाली, आणि सगळे त्याला हसले. त्याने खोलीचे कोपरे बघून घेतले, पडद्यामागे बघितलं, आणि मग नातीला हातात घेतलं. तिचं वजन ते काय! त्याचे डोळे भरून आले. बायको महिनाभर तिथेच राहायची ठरली. त्याला कामावर जायचं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी मोकळी, हलकी होती. त्याला ती इतकी सुखाची वाटली की तो मोठ्याने गाणं म्हणत आला. मोबाईल सवयीने चिकटवलेला होता. घरी येऊन त्याने निसटलेला आरा बसवला आणि मोटरी लावल्या. तबकडी पुढच्या उजव्या बाजूला कलली आणि कललेलीच राहिली.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. भार धरून शून्य केलेलं होतं. भार गेला, म्हणून तबकडी उलटी कलली. गाडी खरोखर रिकामी होती. म्हणजे तो भार तिकडे होता, बायकोपाशी, लेकीपाशी, दुपट्यातल्या त्या तोंडापाशी. त्यानेच तो घरपोच केला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. नात आजीवर गेलीय, लेक दोन घास जास्त जेवली, असं सगळं. "आणि गंमत सांगू? मी बाळाला घेऊन पलंगावर पडते ना, तर मधेच पलंग दबतो. मला वाटतं लेकच येऊन बसली. डोळे उघडावे तर कुणी नाही."

"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"बाळाच्या," ती म्हणाली. "का हो?"

८

साहेबाने रजेवरून कटकट केली ती त्याने ऐकून घेतली आणि उलट्या पावली निघाला. जाण्यायेण्याचा शीण अंगात होता. डोळे चुरचुरत होते. काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की आणलं त्याने नेलं पाहिजे. लेकीच्या इमारतीखाली त्याने गाडी उभी केली, मागचं डावं दार उघडलं आणि सताड उघडं ठेवलं. मग पुढे येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, साहेबाची वाट बघणाऱ्या ड्रायव्हरसारखा.

"चला," तो हळूच म्हणाला. "मी आलोय."

काही झालं नाही. एक कुरिअरवाला आत जाऊन बाहेर आला. ऊन गाडीच्या एका काचेवरून दुसरीवर सरकलं. त्याने आणखी एकदा म्हटलं, "चला ना." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

वरच्या गॅलरीतून बायकोने त्याला पाहिलं असावं. ती खाली आली, शालीत गुंडाळलेली नात छातीशी धरून, हे आपलंच घर असल्यासारख्या ऐटीत.

"अहो, न सांगता? आणि दार का उघडं टाकलंय?" उत्तराची वाट न बघता ती उघड्या दाराशी आली. "बरं झालं आलात. चला, हिला एक चक्कर मारून आणू. आजीच्या मांडीवर बसून!" आणि तिने एक पाय आत टाकायला उचलला. ज्या बाईला उभ्या गाडीत घाम फुटायचा, ती आपण होऊन त्याच सीटवर, नातीला घेऊन बसायला निघाली होती. याच क्षणासाठी तर त्याने ते सगळं केलं होतं.

"तिथे नको!" तो ओरडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो तिच्यावर कधी असा ओरडला नव्हता.

ती जागच्या जागी थबकली. तिचा पाय अजून गाडीबाहेरच होता. आणि गाडी मागच्या डाव्या बाजूला दबली. आधी थोडी, मग पूर्ण. सीटच्या गादीवर एक खळगा पडला, हळूहळू, कापडाच्या चुण्या त्याच्याभोवती ओढल्या गेल्या.

बायकोने ते पाहिलं. गाडी दबणं तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ती एक पाऊल मागे सरली. शाल तिने बाळाच्या तोंडावर ओढून घेतली.

"अहो," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तो वॉचमन..."

"हो. त्याला सोडून येतो."

"कुठे?"

"तू वर जा," तो म्हणाला. "बाळाला वारं लागेल."

तो उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि ते दार स्वतःच्या हाताने लावलं, हलक्या हाताने, कुणाचा पाय अडकू नये म्हणून लावतात तसं. बायको हलली नाही. त्याला तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं, पण त्या हातांनी तिला शिवायचा धीर झाला नाही. तो पुन्हा आत येऊन बसला. गाडी मागून जड होती. ते जडपण पाठीमागे जाणवलं आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो निघाला.

इमारत आरशातून दिसेनाशी झाली. रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती. मागचा भार सीटच्या मधोमध सरकला आणि पुढे झुकला, त्याच्या खांद्यापर्यंत. त्याने मान वळवली नाही. इतक्या दिवसांत एक साधी गोष्ट आपण विचारलीच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

"कुठे सोडू तुम्हाला?" त्याने विचारलं.

पुढे चौक होता. त्याच्या घराचा रस्ता उजवीकडे जात होता. त्याने अजून स्टिअरिंग वळवलं नव्हतं, तोच गाडी डावीकडे जराशी कलली आणि तशीच राहिली.

त्याने डावा इंडिकेटर लावला.